मका आणण्याआधी आपल्याच कार्बनचा हिशेब मांडा

प्रति,
अहिल्यानगर जिल्ह्यातील सहकारी साखर कारखान्यांचे अध्यक्ष व संचालक मंडळ,
तसेच साखर आयुक्त, महाराष्ट्र राज्य; कुलगुरू, महात्मा फुले कृषी विद्यापीठ, राहुरी; आणि महासंचालक, वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, मांजरी यांस,



मार्च 2025 मध्ये केंद्र सरकारने सहकारी कारखान्यांसाठी व्याज सवलतीची एक योजना आणली. उसावर चालणारे इथेनॉल प्रकल्प मक्यावर आणि खराब धान्यावरही चालतील असे बदलून घ्यायचे, त्यासाठीचे हे कर्ज. तेव्हापासून जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या बैठकांत 'मल्टिफीड' हा एकच शब्द ऐकू येतो. मी ऊस घालणारा सभासद आहे. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात नोकरीची सारी वर्षे गेली. या दोन्ही नात्यांनी सांगतो की मक्याचा निर्णय घाईने होतो आहे आणि त्या घाईत आपल्याच आवारातला कितीतरी मोलाचा माल रोज हवेत आणि गटारात जातो आहे. त्याचा हिशेब आधी मांडावा, कर्जाच्या कागदावर सही नंतर करावी, एवढ्यासाठी हे पत्र.

अडचण खरी आहे, हे मान्य करूनच पुढे जातो. गाळप तीन-साडेतीन महिन्यांत आटोपते. मळी संपली की डिस्टिलरी थंड पडते. कामगारांचे पगार आणि बँकेचे हप्ते मात्र बारा महिने चालतात. त्यात इथेनॉलचा भाव, कोटा आणि गिऱ्हाईक सगळे दिल्लीच्या हातात. 7 डिसेंबर 2023 रोजी एका आदेशाने उसाचा रस आणि पाक यांपासून इथेनॉल करणे थांबवले गेले. आठवडाभरातच 17 लाख टन साखरेच्या मर्यादेत ते पुन्हा सुरू झाले, पण हंगाम ऐन भरात असताना बसलेला तो धक्का कोणी विसरलेले नाही. रसापासूनच्या इथेनॉलचा दर लिटरला 2022-23 च्या 65 रुपये 61 पैशांवरच थांबला आहे. याच काळात उसाची एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, क्विंटलला 305 वरून 355 रुपयांवर गेली. मक्याच्या इथेनॉलला मात्र 71 रुपये 86 पैसे मिळतात. 2025-26 साठी तेल कंपन्यांनी जे वाटप केले त्यात उसावर आधारित इथेनॉलचा वाटा जेमतेम 28 टक्के आला. हे आकडे समोर ठेवले की संचालकांचे मन मक्याकडे का ओढ घेते, ते कळते.

तरीही विचारतो, मका येणार कुठून? कोपरगाव-राहात्याच्या काही भागात तो होतो, पण मोठ्या डिस्टिलरीचे पोट भरायचे तर बाहेरून ट्रक लागणार. भाव चढला की कोंबडीवाला आणि आपण एकाच अडत्याच्या दारात उभे राहणार. आणखी एक गोष्ट. मक्याचे इथेनॉल काढल्यावर प्रथिनांचा जो चोथा उरतो, ज्याला बाजारात डीडीजीएस म्हणतात, तो पशुखाद्यात स्वस्तात शिरला आणि सोयाबीनच्या पेंडीचा भाव त्याने दाबला. आपल्याच राहाता, श्रीरामपूर, संगमनेरच्या सभासदाचे खरिपाचे सोयाबीन त्यात मार खाते. एका हाताने त्याच्या उसाला आधार द्यायचा आणि दुसऱ्या हाताने त्याच्याच सोयाबीनचा भाव पाडायचा, असा हा व्यवहार आहे. सगळ्यावर कडी म्हणजे गिऱ्हाईक पुन्हा तेच, दिल्लीतले. कच्चा माल बदलला तरी परावलंबन होते तिथेच राहिले.

आता मूळ मुद्दा. सूक्ष्मजीवाला ऊस लागत नाही, मकाही लागत नाही. त्याला लागतो कार्बन, त्याच्या पचनी पडेल अशा रूपातला. डिस्टिलरीतले यीस्ट सुक्रोज आणि ग्लुकोज खाते म्हणून आपण त्याला मळी घालतो. दुसरा जिवाणू दुधातली साखर खातो. तिसरा लाकडातली, चौथा मिथेन, पाचवा चक्क कार्बन डायऑक्साइड. कोणाला काय खाऊ घालायचे आणि त्याच्याकडून काय करून घ्यायचे, हा औद्योगिक जैवतंत्रज्ञानाचा सगळा धंदा आहे. त्यात नवे काही नाही. पहिल्या महायुद्धात इंग्लंडला दारूगोळ्यासाठी ॲसिटोन हवे होते. वाइझमन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने क्लॉस्ट्रिडियम जातीच्या जिवाणूकडून ते मक्यापासून करून दाखवले. पाणबुड्यांमुळे मक्याची जहाजे अडली, तेव्हा 1917 मध्ये शाळकरी पोरांना रानात पाठवून चेस्टनटची कडू फळे गोळा करवली. जिवाणूने तीही खाल्ली, पण उतारा यथातथाच आला आणि गोळा केलेला बराच माल कुजून गेला. पर्यायी कच्च्या मालाची गोष्ट तेव्हापासून तीच आहे. जिवाणू पचवून घेतो, पण माल गोळा करण्याचा खर्च धंदा बुडवू शकतो. म्हणून मी आपल्याला रानातला कार्बन दाखवणार नाही. जो आधीच आपल्या कुंपणाच्या आत किंवा शेजारच्या दूध संघात एका जागी जमा होतो, तेवढाच दाखवतो.

कुठल्याही डिस्टिलरीच्या फर्मेंटर हाऊसमध्ये जाऊन उभे राहावे. पातळ केलेली मळी, त्यात यीस्ट, वरून थोडा युरिया आणि डीएपी. दोन-चार तासांत टाकी फसफसू लागते, फेस वर चढतो, ऑपरेटर टर्की रेड ऑइलची धार सोडून तो खाली बसवतो. मे महिन्यात तापमान पस्तिशीपुढे जाऊ नये म्हणून थंड पाण्याचे पंप अखंड चालतात, कारण टाकीतले मिश्रण तापले की यीस्ट मान टाकते. हा जो फसफसाट आहे तो कार्बन डायऑक्साइड. रसायनाचा नियम असा की ग्लुकोजच्या सहा कार्बनपैकी चारच अल्कोहोलमध्ये जातात, दोन वायू होऊन उडतात. वजनात बोलायचे तर शंभर किलो ग्लुकोजपासून पुस्तकी हिशेबाने 51 किलो अल्कोहोल आणि 49 किलो वायू. दिवसाला 60 हजार लिटर अल्कोहोल काढणारी डिस्टिलरी साधारण 45 टन वायू काढते. धुराड्यातल्या धुरासारखा हा मिसळीचा नसतो, जवळपास शुद्ध असतो. काही ठिकाणी तो पकडून शीतपेयांसाठी आणि सुक्या बर्फासाठी विकतात. बाकी ठिकाणी तो छताच्या झरोक्यातून निघून जातो. शेतकऱ्याने पाणी पाजून, खत घालून हवेतून खेचलेला कार्बन, त्याचा एक तृतीयांश तिथल्या तिथे परत हवेत.

याच शंभर किलो ग्लुकोजवर लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू सोडले, तर सहाच्या सहा कार्बन आम्लात उतरतात. पुस्तकी उतारा शंभराला शंभर. प्रत्यक्षात थोडा कमी पडेल, पण वायू होऊन उडणार नाही. हे आम्ल औषधांत, खाद्यपदार्थांत, सौंदर्यप्रसाधनांत लागते आणि त्यापासून पीएलए नावाचे कुजणारे प्लास्टिक होते. उत्तर प्रदेशात लखीमपूर खीरी जिल्ह्यातल्या कुंभी येथे बलरामपूर चिनी मिल्स वर्षाला 75 ते 80 हजार टन पीएलएचा कारखाना उभारत आहे. तिथल्या सरकारने बायोप्लास्टिकसाठी वेगळे धोरणच केले. आपल्याकडे पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने ऑक्टोबर 2024 मध्ये जेजुरीला लॅक्टिक आम्लापासून पीएलएपर्यंतचा छोटा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. म्हणजे तंत्र शेजारच्या जिल्ह्यात आहे, जिवाणूही आहेत. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी लॅक्टोबॅसिलसच्या सुधारित वाणावर मळी, उसाचा रस आणि बगॅसमधल्या, म्हणजे उसाच्या चिपाडातल्या, सेल्युलोजपासून लॅक्टिक आम्ल करण्याचे काम 2006-07 च्या सुमारास प्रसिद्धही केले आहे. त्यानंतर कितीतरी हंगाम होऊन गेले. आपल्या एकाही कारखान्याच्या अहवालात त्याचा उल्लेख मी वाचलेला नाही.

लॅक्टिक आम्लात एक मेख आहे, ती लपवत नाही. आम्ल वाढले की जिवाणू मरतो, म्हणून चुना घालत राहावे लागते आणि नेहमीच्या पद्धतीत टनभर आम्लामागे जवळजवळ टनभर जिप्सम उरते. ते कुठे टाकायचे? प्रवरा कालव्याच्या पट्ट्यात चोपण जमिनी किती आहेत ते आपण जाणता आणि चोपण जमिनीला जिप्समच लागते. त्या जिप्सममध्ये काय मिसळलेले असेल, ते पिकाला चालेल का, हे राहुरीच्या मृद्शास्त्र विभागाने तपासून सांगावे. डोळे झाकून शेतात टाकू नये, तसे त्यावर फुलीही मारू नये.

आता दूध संघांकडे वळतो. संगमनेर, राहाता, कोपरगाव, श्रीरामपूर या पट्ट्यात दुधाचे केवढे जाळे आहे ते नव्याने सांगायला नको. जिथे पनीर आणि चीज होते तिथे निवळी उरते. तिच्यात साडेचार-पाच टक्के लॅक्टोज असते. लाखभर लिटर निवळी म्हणजे साडेचार-पाच टन साखर, तीही अशी की लॅक्टिक आम्लाच्या जिवाणूंचे जन्मजात अन्न. ती ओढ्यात सोडली तर सांडपाण्यातली फार वाईट घाण, टाकीत घेतली तर कच्चा माल. आयर्लंडमधल्या कार्बरी या सहकारी दूध उद्योगाने 1978 मध्ये निवळीपासून अल्कोहोल सुरू केले. डिस्टिलरीतले नेहमीचे यीस्ट लॅक्टोजला तोंड लावत नाही, तिथे क्लुइव्हरोमायसिस नावाचे वेगळे यीस्ट वापरतात. आपल्याकडे साखर कारखाना आणि दूध संघ बहुतेक वेळा एकाच घराण्याच्या, एकाच गटाच्या हाती असतात. त्याचे तोटे आपण पुष्कळ सोसले. एखादा फायदाही पदरात पडू द्या. दोन्ही खुर्च्यांवरची माणसे रात्री एकाच ताटाला बसत असतील, तर निवळीच्या टँकरचा करार व्हायला वेळ का लागावा?

बगॅसचे मात्र सावधपणे बोलले पाहिजे, कारण तिथे अनेकांनी हात पोळून घेतले आहेत. दिवसाला पाच हजार टन गाळप करणाऱ्या कारखान्यात चौदाशे टनांच्या आसपास बगॅस निघतो. निम्मे पाणी वजा जाता सातशे टन कोरडा माल, त्यात चाळीसेक टक्के सेल्युलोज आणि पाव भाग हेमिसेल्युलोज. कागदावर साखरेचा डोंगर दिसतो. पण हा धागा सोडवायला आम्ल, वाफ, महागडी विकरे लागतात. त्यातून फुरफुराल आणि ॲसेटिक आम्ल निघते आणि ते जिवाणूचाच गळा धरते. अमेरिकेत आयोवा राज्यात ड्यूपाँटने मक्याच्या ताटांपासून इथेनॉलचा अवाढव्य प्रकल्प 2015 मध्ये सुरू केला आणि 2017 मध्ये बंद केला. एवढ्या महागात काढलेली साखर पेट्रोलमध्ये ओतणे परवडत नाही, असा मी त्याचा अर्थ लावतो. शिवाय बगॅस फुकट नाही. तो बॉयलर चालवतो, कोजनची वीज देतो, उरला तर कागद गिरणीला जातो.

म्हणून माझी सूचना वेगळी आहे. सगळा बगॅस फोडू नका. त्यातले हेमिसेल्युलोज सगळ्यात सैल असते, सौम्य आम्ल आणि वाफेने ते आधी सुटते. त्यातून झायलोज ही पाच कार्बनची साखर मिळते. मागे उरलेला सेल्युलोज-लिग्निनचा चोथा पिळून बॉयलरलाच जाऊ द्या. वाफेत थोडी तूट येईल, ती किती हे मोजावे लागेल. झायलोज डिस्टिलरीच्या यीस्टला पचत नाही, पण टोरुला यीस्ट ते आनंदाने खाते आणि स्वतःच वाढते. वाळवलेले टोरुला हे प्रथिनांनी भरलेले खाद्य आहे. जर्मनीने दुसऱ्या महायुद्धात लाकडाच्या साखरेवर ते वाढवले होते. कोंबड्यांचा मका टाक्यांत ओतण्यापेक्षा टाक्यांतून कोंबड्यांचे खाद्य काढावे, हे मला जास्त शहाणपणाचे वाटते. आता कोणी म्हणेल, हेही सोयाबीन पेंडीच्या वाटेवर येईल. मोठ्या प्रमाणात केले तर येईल, नाकारत नाही. म्हणूनच ते एका कारखान्यात, थोड्या बगॅसवर करून बघावे आणि मत्स्यखाद्याच्या बाजारावर नजर ठेवावी.

प्रेसमड (रस गाळल्यावर उरणारा गाळ) आणि स्पेंटवॉश (डिस्टिलरीचे सांडपाणी) यांबद्दल फार लिहीत नाही, तिथे काम सुरू झाले आहे. कोपरगावच्या सहकारमहर्षी शंकरराव कोल्हे कारखान्यात ऑक्टोबर 2025 मध्ये बायोगॅस आणि पोटॅश प्रकल्पाचे उद्घाटन झाले, ते योग्य दिशेचे पाऊल आहे. उरला फर्मेंटरचा वायू. कार्बन डायऑक्साइडवर जिवाणू पोसायला हायड्रोजन लागतो आणि तो आज महाग आहे. पोलाद कारखान्याच्या वायूपासून चीनमध्ये 2018 पासून अल्कोहोल निघते, पण त्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो, जिवाणूची ऊर्जा त्यातूनच भागते. आपल्या फर्मेंटरच्या वायूत ती सोय नाही. तो पकडून विकण्याची व्यवस्था करा, सध्या एवढे पुरे. शेवटी गोड ज्वारी. तिच्यावर राहुरीत आणि फलटणच्या निंबकर संस्थेत काम झाले आहे. कर्जत-जामखेडच्या कोरडवाहू शेतकऱ्याला त्यात वाव आहे, पण ताटे तोडल्यावर रस लगेच आंबतो, म्हणून गाळप सुरू नसताना त्याचे करायचे काय, हे आधी ठरले पाहिजे.

आणि एक अट सगळ्याला लागू असावी. यातल्या कशासाठीही उसाचे एक गुंठासुद्धा क्षेत्र वाढता कामा नये. भंडारदरा धरण 1926 मध्ये पूर्ण झाले आणि त्या पाण्यावर आपला ऊस उभा राहिला. आज दुष्काळी वर्षी जायकवाडीसाठी वरच्या धरणांतून पाणी सोडण्याची वेळ आली की आपण न्यायालयात धावतो. त्या भांडणात आपली बाजू सांभाळायची असेल, तर प्रत्येक टन उसातून आज मिळते त्याहून जास्त काढून दाखवणे, एवढाच मार्ग उरतो.

हे या जिल्ह्याला जमणार नाही असे कोणी म्हणू नये. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी 1950 मध्ये प्रवरेचा कारखाना सुरू केला, तेव्हा शेतकऱ्यांनी साखर कारखाना चालवायचा ही कल्पनाच हसण्यावारी नेली जात होती. कोपरगाव तालुक्यातल्या साकरवाडीला सोमैयांचा कारखाना आज मुख्यतः अल्कोहोलपासून रसायने बनवतो, ॲसिटाल्डिहाइडपासून इथिल ॲसिटेटपर्यंत. ते काम खासगी आहे आणि जिवाणूपेक्षा उत्प्रेरकावर जास्त चालते, पण उसाच्या रानात रसायनांचा धंदा चालतो याचा पुरावा आपल्या हद्दीत आहे. केंद्रानेही ऑगस्ट 2024 मध्ये बायोई-3 धोरण मंजूर केले. जैविक रसायने, पॉलिमर, विकरे हे त्यातले पहिल्या रांगेतले विषय. त्यातले पैसे मागायला आपल्याकडून कोणी तयारीचा कागद घेऊन गेले आहे का?

मागणे थोडके आहे. प्रत्येक कारखान्याने पुढच्या वार्षिक अहवालात, गाळप आणि साखर उताऱ्याच्या शेजारी, एक पान कार्बनचे द्यावे. किती टन बगॅस जळला, किती विकला, फर्मेंटरमधून किती वायू गेला, मळीतली न आंबलेली किती साखर स्पेंटवॉशमध्ये राहिली. हे सगळे आपल्या चीफ केमिस्टच्या वहीत आहेच, फक्त सभासदांपुढे येत नाही. दुसरे, एकट्याने मोठे काही उभारू नये. पाच-सहा कारखाने आणि दूध संघांनी मिळून एक सामायिक प्रायोगिक केंद्र काढावे. पाचशे लिटर आणि पाच हजार लिटरचे फर्मेंटर, गाळण, वाळवण आणि एक चांगली विश्लेषण प्रयोगशाळा. जागा राहुरी विद्यापीठाची, जिवाणू पाषाणचे, अभियंते मांजरीचे आणि चालवणारी पोरे जिल्ह्यातल्या महाविद्यालयांतली. सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली आमची पोरे आज चाकण-रांजणगावला पॅकिंगच्या लाइनवर उभी आहेत. दोन हंगाम त्यांना निवळीवर आणि बगॅसमधून सौम्य आम्लाने सोडवलेल्या साखरेवर काम करू द्या. प्रत्यक्ष उतारा आणि किलोचा खर्च हाती आला, की मक्याच्या कर्जाशी तुलना करता येईल. मका तरीही स्वस्त पडला, तर मी सभेत पहिला हात वर करेन.

साखर आयुक्तांना आणि त्यांच्यामार्फत सरकारला एक विनंती. मळीचा साठा आणि वाहतूक आज राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या परवान्यांखाली चालते, कारण नियम दारू डोळ्यासमोर ठेवून केलेले आहेत. लॅक्टिक आम्ल किंवा खाद्य यीस्ट करणाऱ्याला प्रयोगापुरती दहा-वीस टन मळी सुटसुटीत परवान्यावर मिळावी. पाच हजार लिटरच्या टाकीसाठी डिस्टिलरीएवढी कागदपत्रे लागणार असतील, तर कोणी वाटेला जाणार नाही.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी मी माझ्या कारखान्याकडे लेखी प्रश्न दिला आहे, मल्टिफीडचा ठराव आणि कार्बनचा हिशेब एकाच वेळी मांडावा म्हणून. इतर कारखान्यांच्या सभासदांनीही तो आपापल्या सभेत विचारावा. या पत्राची प्रत दूध संघांच्या अध्यक्षांनाही पाठवत आहे. रोज किती निवळी कुठे जाते, हा आकडा त्यांनीच द्यायचा आहे.



आपला,
एक ऊस उत्पादक सभासद
श्रीरामपूर तालुका, जि. अहिल्यानगर